अर्धा इंच

सकीनाने टेप गळ्यात अडकवली आणि बारा पोलकी एकावर एक रचता रचता, आमटीत मीठ जरा कमी पडलंय असं सांगावं तितक्या सहज सांगितलं, "बाई, राग नका मानू, पन तुमच्या गाण्याच्या पोरींचा डावा खांदा चढ हाय. अर्धा इंच. एकीदोघींचा न्हाई, समद्यांचा."

सुनीतीला आधी हसूच आलं. कापडबाजारातल्या रशीद टेलरच्या दुकानामागे जी चिंचोळी खोली होती तिथे ती पाटावर बसली होती. बाहेर फळीवर रशीदची कात्री करकरत होती आणि बायकापोरींची मापं घेणारी त्याची बायको सकीना, डोळे पोलक्यांवरच ठेवून, हे असं बोलत होती. मुलींच्या शाळेचं स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आलं होतं. लढाई संपून चार महिने झाले तरी कापड कंट्रोलचंच, मोजून मिळालेलं. एरवी शिंपी शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवतो, त्यात माणसाची बरीच वाकडेपणं खपून जातात. यंदा दाबायला कापडच नव्हतं, म्हणून अर्धा इंच उघडा पडला. "अगं, वाढत्या वयाच्या मुली त्या," सुनीती म्हणाली, "दप्तर एकाच बगलेत धरतात." सकीनाने मान हलवली. कवायतीच्या मुलींची मापंही तिनेच घेतली होती. त्या फळीसारख्या सरळ, आणि दप्तरं तर त्यांनाही होती. "आन् गंमत बघा, तुमच्या शेजारी बसती ती उंच पोरगी, इंदू, तिचा उजवा चढ हाय. बाकी अकराजनींचा डावा." मग तिने पहिल्यांदा मान वर करून सुनीतीकडे, म्हणजे सुनीतीच्या मानेच्या जरा बाजूला, पाहिलं. "तुमचा बी उजवाच की. सात वर्सं तुमचं पोलकं मी तसंच कापाया लावते. तुमाला कदी बोलले न्हाई. म्हनलं, मास्तरीनबाई, कशाला उगं."

ते 'कशाला उगं' बरोबर घेऊन ती दुकानाबाहेर पडली. बाजारात थंडीची पिवळी उन्हं होती. माळीवाड्यापर्यंतची वाट तिने हजारदा चालली असेल, पण त्या दिवशी तिला रस्ता दिसलाच नाही, नुसते खांदे दिसले. भुसाऱ्याचा खांदा पोत्याच्या बाजूला खाली गेलेला. टांगेवाल्याचे दोन्ही खांदे कानांशी, जणू घोडा त्याच्याच मानेला जुंपलाय. भिंगारच्या छावणीतले दोन शिपाई लढाईवरून परतले असूनही अजून पाठीवर काहीतरी असल्यासारखे चालत होते. नगरात एक माणूस सरळ असेल तर शपथ. आणि बेचाळीस वर्षांत आपल्याला हे दिसलं नाही, याचं तिला वाईट वाटण्याआधी नवल वाटलं. घराच्या वळणावर येईपर्यंत तिचं गणित सुटलं होतं. अकराजणी तिच्या समोर बसतात. समोरच्याने उजवा खांदा उचलला की बघणाऱ्याचा डावा उचलला जातो, आरशातल्यासारखा. इंदू तंबोरा धरायला तिच्या शेजारी बसते, दोघींची तोंडं एकाच दिशेला, म्हणून तिचा उजव्याला उजवा. म्हणजे हे दप्तराचं नव्हतं, वयाचंही नव्हतं. हे बाईंकडून गेलेलं होतं. अठरा वर्षं, वर्षाला दहाबारा मुली. श्रीरामपुरापासून राजूरपर्यंत कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत दीड-दोनशे बायका एक खांदा वर करून पाळणे म्हणत असतील, आणि समोर बसून त्यांच्या लेकी बघत असतील. त्यांचा आता पुन्हा उजवा.

घरी तिचे यजमान शामकांत, कचेरीतून नुकतेच आलेले, चहाची वाट बघत वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. "अहो," तिने उंबऱ्यातूनच विचारलं, "माझा उजवा खांदा वर आहे का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आहे."

"केव्हापासून?"

"लग्नापासून."

"मग कधी बोलला नाहीत ते!"

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलेली असतेस," शामकांत म्हणाले आणि पान उलटलं. "म्हणून तर मी इतकी वर्षं जपून असतो."

ती खळखळून हसली, चहाचं आधण ठेवताना हसत राहिली, आणि साखरेचा डबा काढताना मात्र थांबली. कारण सगळ्या हसण्याच्या तळाशी इंदू होती. इंदू पंधराची. असा गळा अठरा वर्षांत एकदाच तिच्या वर्गात आला होता; लावलेल्या सुराभोवती थोडी मोकळी जागा ठेवून गाणारी मुलगी. पण गेले दोन महिने ती सकाळी बसक्या आवाजाने यायची. वरच्या सा पाशी पोचायच्या आधी आवंढा गिळायची, नकळत गळ्यावर हात न्यायची. सुनीतीने सांगितलं होतं, थंडी आहे, खडीसाखर चघळ. सांगताना तिला आतून माहीत होतं की हे थंडीचं नाही. तो आवंढा तिच्या ओळखीचा होता. तिच्या स्वतःच्या अडतिसाव्या वर्षी तो असाच आला होता, आधी आवंढा, मग सकाळचा बसका आवाज, मग वरचा सा पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा. ढकलला तर उघडायचा, पण करकरत. पुढे ढकलायचंही तिने सोडलं. आता वर्गात ती नी पर्यंत जायची आणि सा पेटीकडून वाजवून घ्यायची. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वय झालं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं, आणि बाईच्या जातीला ते सांगितलेलं लगेच पटतंही. पण पंधराव्या वर्षी कुणाचं वय होत नाही. खांदा जर तिच्याकडून गेला असेल तर गळ्याची वाटही तिच्याकडूनच गेली असणार, आणि जिथे ती अडतिसाव्या वर्षी पोचली तिथे ही पोर शाळा सोडण्याआधी पोचेल. चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती पहिल्यांदा गाणं ऐकायचं सोडून बघत बसली. भीमपलास चालला होता. मुली वर चढत होत्या, आणि नी वरून सा वर जायच्या आधी सगळ्यांचा श्वास एकदम थांबला, बारा हनुवट्या पुढे आल्या, बारा खांदे उचलले गेले, आणि मग सा आला. ही त्यांच्या गाण्याची खूण होती. तिने तिला नावही दिलं होतं, थोपवणी. सा वर पाऊल ठेवण्यापूर्वी एक क्षण श्वास थोपवायचा, म्हणजे सा उडी मारून येतो, ऐकणाऱ्याच्या काळजात लख्ख होतं. हे तिला तिच्या खाँसाहेबांनी दिलेलं. नगरच्या बैठकींतून जाणती माणसं नेमकी त्या थोपवणीवर वाहवा करत. तिने ती मुलींना दागिना उतरवून द्यावा तशी दिली होती. आणि आज, आवाज वगळून नुसतं बघताना, तिला ते गाणं वाटलंच नाही. बारा मुली काहीतरी उचलत होत्या. काय, ते दिसत नव्हतं.

खाँसाहेब म्हणजे फक्रुद्दीन खाँ. झेंडीगेटच्या आत दोन खोल्यांत राहायचे. सुनीतीचे वडील नारायणमास्तर नऊ वर्षांच्या मुलीला हाताला धरून तिथे घेऊन गेले तेव्हा आळीतल्या लोकांनी महिनाभर त्यांच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं नाही. खाँसाहेबांचा नियम एकच होता. "विचारू नको बेटी. बघ, आणि घे." तिने दहा वर्षं बघितलं. लोक म्हणतात गाणं कानाने शिकतात. तिला आता वाटलं, कानाने शिकतात ते थोडंसं, बाकीचं डोळ्यांतून उतरतं आणि अंगात कुठे जाऊन बसतं त्याचा पत्ता आपल्याला कधी मिळत नाही. डोळे मिटले की तिला त्यांची खोली दिसायची, कोपऱ्यातली सुरई, त्यांच्या काळ्या जाकिटाच्या गळ्यापाशी झिजून पांढरी झालेली कड, आणि ते जाकीट सा च्या आधी एका बाजूने वर सरकायचं, डाव्या बाजूने. ती समोर बसायची. तिने ते कधी पाहिलं नव्हतं असं नव्हे. गाण्याचाच भाग म्हणून पाहिलं होतं. शिकवणाऱ्याचं वाकडेपण शिष्याला वाकडं दिसत नाही, ते त्याला घराणं वाटतं. मुद्रादोष हा शब्द तिला ठाऊक होता. तोंड वेडंवाकडं करू नका, हातवारे करू नका, म्हणून ती मुलींना रागवायची. पण तो शब्द नेहमी दुसऱ्यांच्या तोंडांसाठी असतो.

रविवारी दुपारी ती झेंडीगेटला गेली. खाँसाहेब ऐंशीच्या घरात, दोन वर्षांपासून अंथरुणाला. लेक गौहर त्यांचं सगळं बघायची. अंगणात उन्हात खाट टाकली होती, वर गोधडी, आणि गोधडीच्या वर एक पांढरं, आता खूपच लहान झालेलं तोंड.

"अब्बा, सुनीती आली," गौहर वाकून म्हणाली.

"कोण, नारायणमास्तरांची? ये. पेढे आणलेस का?"

"तुम्हाला गोड चालत नाही ना?"

"म्हणून तर विचारतो. कोण किती प्रेम करतं ते कळतं."

ती खाटेशी बसली. काय नि कसं विचारावं ते ठरवून आली होती, पण ठरवलेलं सगळं उन्हात वितळलं. "खाँसाहेब, एक विचारायचं होतं."

"आता विचारतेस? तेहतीस वर्षांनी?" त्यांनी डोळे किलकिले केले. "विचार, विचार. आता मनाई करायची ताकद नाही."

"गाताना तुमचा डावा खांदा वर का जायचा?"

त्यांना प्रश्नच कळला नव्हता. आपला खांदा वर जातो हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. उस्तादाला कोण सांगणार. सुपात लसूण निवडत बसलेली गौहरच म्हणाली, "अगं, तो मशकीचा. अम्मी म्हणायची ना, पाणक्याचा खांदा म्हणून."

मग हळूहळू, श्वासासाठी थांबत, खाँसाहेबांनी सांगितलं. वय अकरा. औरंगाबादेत उस्तादांच्या घरी शागीर्द म्हणून राहिले. सात वर्षं पाणी भरलं. चामड्याची मशक, भरली की अंगाहून जड, तिचा पट्टा डाव्या खांद्याला. खाली नहरीचं पाणी, वर घर, मधे चौदा पायऱ्या, दिवसाला वीस खेपा. "शिकवायला त्यांना वेळ कुठे होता? वरून ओरडायचे, रिकामा चढू नकोस, म्हणत चढ. मी म्हणत चढायचो. पायरीला एक सूर. शेवटची पायरी मात्र फार उंच होती, गुडघ्याएवढी. तिथे श्वास धरायचा, खांदा द्यायचा, अंग वर फेकायचं, आणि वर पोचलं की सा. पोचलो, याचा सा."

सुनीती खाटेशी आणखी पुढे सरकली. "सा च्या आधी श्वास धरायचा?"

"धरला नाही तर पाण्यासकट खाली."

"खाँसाहेब," ती म्हणाली, "मी ते शिकवते. त्याला थोपवणी म्हणतो आम्ही. तुमच्या गायकीची खूण म्हणून."

ते तिच्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या गोधडीखालून हसू सुरू झालं, आधी पोटात, मग छातीत. गौहर सूप टाकून उठली, कारण ते हसू खोकल्यात गेलं आणि खोकल्यातून पुन्हा हसण्यात आलं. "अगं, ती पायरी होती!" डोळ्यांतून पाणी गळत ते म्हणाले. "पायरी! आणि पोरींना शिकवतेस? किती पोरी?"

"दीड-दोनशे झाल्या असतील."

"या अल्ला. एकीच्या खांद्यावर पाणी नाही, आणि सगळ्या चढतायत!"

तीही हसली. हसण्यावाचून दुसरं काय करायचं ते कळलं नाही म्हणूनही हसली. मग ते निवले. वाडग्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझाही गळा तिथेच गेला. पन्नाशीत. लोकांना सांगितलं दमा आहे. दमा नव्हता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कळलं कुठे होतं? पाठ टेकली तेव्हा कळलं. दोन वर्षं पडून आहे मी. पडलेल्या माणसाला पायरी कुठली, बेटी?" आणि तसेच उताणे, आकाशाकडे बघत, त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. आवाज जुन्या रेशमासारखा विरलेला होता. तो नी पर्यंत आला आणि न थांबता, काही न उचलता, सा मध्ये निघून गेला. कुठून कुठे गेला ते कळलंही नाही. वाहवा करायला जागाच राहिली नव्हती. गौहरने लसणीवरून नजरसुद्धा उचलली नाही. ती हे रोज ऐकत असणार.

परतताना तिला राग आला का, याचा तिने स्वतःशी शोध घेतला. राग सापडला नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या देव म्हणून पुजलेला गोटा पाटा-वरवंट्यातला वरवंटा निघावा, तसं काहीतरी झालं होतं. त्यात फसवणूक नव्हती. पुजताना हात खरेच जोडले होते. तिला मात्र एका गोष्टीची भयंकर उत्सुकता लागली. आपल्या अंगात आणखी काय काय असेल? बापाचं, आईचं, शेजारच्या काकूंचं, कुणाकुणाच्या पायऱ्या?

सोमवारी शाळेला सुट्टी होती. शामकांत कचेरीत गेल्यावर तिने दाराला कडी घातली, कारण भरदुपारी धडधाकट बाई जमिनीवर उताणी पडलेली दिसली तर शेजारीण आधी कांदा फोडते आणि मग विचारते. सतरंजी अंथरली आणि ती पडली. पहिल्यांदा काहीच कळलं नाही, थंडगार फरशी तेवढी लागत होती. मग एकेक कळायला लागलं. डावी पाठ जमिनीला टेकली होती, उजवी टेकली नव्हती. मधे इतकी फट होती की मांजराचं पिल्लू निजलं असतं. तिने खांदा खाली दाबला तर कंबर उचलली गेली. कंबर दाबली तर हनुवटी आभाळाला. ओढाळ जनावर आहे हे, तिने ठरवलं, दावं ओढलं की आणखी ओढतं. म्हणून तिने ओढायचं सोडलं आणि नुसती बघत राहिली, डोळ्यांनी नव्हे, आतून, दिवा घेऊन माळ्यावर चढावं तशी. जीभ टाळूला चिकटून बसली होती, कुणी काही बोलू नकोस म्हटल्यासारखी. दाढा एकमेकींवर घट्ट. आणि पायाची बोटं! ती आत वळलेली, जमीन पकडून धरणारी. गाणं तर दूरच, ती श्वाससुद्धा घेत नव्हती धड, तरी बोटं वळलेली. बेचाळीस वर्षं ही बोटं कुठल्या घसरणीवर उभी होती? तिने त्यांना सोडलं तर ती दोन श्वासांत परत वळली. तिला त्यांची माया आली.

ती रोज पडू लागली, शाळेतून आल्यावर, दिवेलागणीच्या आधी. गात नव्हती, श्वास कुठे जातो ते बघत होती. तिला आयुष्यभर वाटत होतं श्वास छातीत जातो. तिसऱ्या दिवशी तो पाठीत गेला, कंबरेच्या वर, दोन्ही बाजूंना, जिथे लहानपणी आई न्हाऊ घालताना तेल चोळायची. तिथे कुणी कित्येक वर्षांत गेलंच नव्हतं, हवासुद्धा. चौथ्या दिवशी तिला एक अशी जांभई आली की डोळ्यांतून पाणी येऊन थेट कानांत गेलं, आणि पडल्या पडल्या रडण्याची ही एक अडचण तिला नव्यानेच कळली. ती जांभई होती की रडू, हे तिने ठरवलं नाही. शामकांतांनी एकदा दार वाजवलं, तिला सतरंजी गुंडाळताना पाहिलं, आणि काही न विचारता स्वतःच चहा टाकला. "आज रागावलेली नाहीस वाटतं," एवढंच म्हणाले.

मग तिने ते वर्गात नेलं. संमेलनाला दहा दिवस होते, शहाण्या माणसाने ते संमेलनानंतर नेलं असतं. पण इंदूचा आवाज दहा दिवस थांबायला तयार नव्हता. चित्रकलेच्या हॉलमध्ये जाजम टाकून तिने बाराजणींना उताणं निजवलं. मुली खिदळल्या, एकमेकींच्या वेण्यांवर झोपल्या, एक तर खरोखर घोरली. नेमक्या त्याच वेळी हेडमिस्ट्रेस पुष्पावतीबाई दारात.

"सुनीतीबाई, हा गाण्याचा तास आहे की बाळंतिणीची खोली?"

"श्वास शिकतायत."

"श्वास? तो जन्मल्याबरोबर येतो म्हणतात. संमेलनाला पाहुणे येणार आहेत, त्यांना काय घोरणं ऐकवायचं?"

"तुम्हीही टेका ना जरा," सुनीतीच्या तोंडून निघून गेलं. पुष्पावतीबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, मोह दिसला. मग त्या पदर सावरून निघून गेल्या.

अकराजणींचं आठवड्यात सुटलं. त्या वयात अंग ओल्या मातीसारखं. ज्याचा ठसा पटकन उठतो त्याचा पटकन पुसलाही जातो. त्यांना थोपवणीचं काही वाटत नव्हतं, बाईंनी सांगितलं म्हणून घालत होत्या, बाईंनी सांगितलं म्हणून काढली. इंदूचं सुटेना. ती जमिनीवरही ताठ पडायची, डोळे उघडे ठेवून, खांदा हवेत. इंदूने ते नुसतं उचललेलं नव्हतं, त्यावर प्रेम केलं होतं. चौथ्या दिवशी तास संपल्यावर ती मागे राहिली.

"बाई, थोपवणी काढली तर ते खाँसाहेबांचं गाणं राहणार नाही."

सुनीतीने तिला सगळं सांगितलं. मशक, चौदा पायऱ्या, शेवटची उंच पायरी. हसत सांगितलं, खाँसाहेब हसले तसं. इंदू हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे तुम्ही मला खोटं शिकवलंत?"

"खोटं नाही गं," सुनीती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधायला तिला वेळ लागला, "वाकडं."

"मला ते आवडत होतं," इंदू म्हणाली. दप्तर उचललं आणि गेली. दोन दिवस आली नाही. सुनीतीने त्या दोन दिवसांत स्वतःला बरंच सुनावलं. अठरा वर्षं जे दिलं ते एका आठवड्यात परत मागणारी ही कोण बाई? पोरीच्या हातून काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला तिच्याजवळ काय होतं? तिचा स्वतःचा सा तर अजून आलेला नव्हता. तिच्याजवळ फक्त एक फरशी होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर इंदू घरी आली. उंबऱ्याबाहेर उभी, मान खाली. संमेलन चार दिवसांवर. "बाई," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दातच सुनीतीला सगळं ऐकू आलं. वाळू मिसळलेला आवाज. "आज सकाळी आवाजच नव्हता. तासाभराने आला. आई म्हणते, संमेलन झालं की गाणं बंद."

"ये आत."

दोघी माजघरात बसल्या. सवयीने सुनीती तिच्यासमोर बसायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. समोर बसलं की ही बघणार. बघितलं की घेणार. आपण कितीही सरळ बसलो तरी हिच्या डोळ्यांना आपल्यात काय काय सापडेल याचा आपल्याला पत्ता नाही. शेजारी बसलं तरी तेच. मग कुठे बसायचं असतं शिकवणाऱ्याने? ती वळली, इंदूच्या मागे गेली, आणि तिच्या पाठीला पाठ लावून खाली बसली.

"बाई, हे काय?"

"टेक. मी पडणार नाही."

बराच वेळ काही झालं नाही. पोरीची पाठ फळकुटासारखी होती, मणके टोचत होते. सुनीतीने काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तोंडाशी खूप येत होतं, खांदा सोड, जीभ सोड, ते तिने गिळलं, आणि आपला श्वास जिथे जात होता तिथे जाऊ दिला. तिची पाठ रुंदावत होती, ओसरत होती. कधीतरी मागची पाठ त्याला अडखळत जुळली. पुन्हा सुटली. पुन्हा जुळली. बाहेर कल्हईवाला ओरडत गेला. इंदू रडत होती हे सुनीतीला आवाजाने कळलं नाही, पाठीने कळलं. ती हलली नाही. मग ते रडणंही श्वासात मिसळून सावकाश झालं, आणि पोरीचं वजन एकाएकी, निजलेल्या लेकराचं येतं तसं, पूर्ण तिच्या पाठीवर आलं.

"म्हणू?" इंदूने विचारलं.

"म्हणावंसं वाटलं तर."

तंबोरा नव्हता, पेटी बंद होती. इंदूने खालचा सा लावला तो सुनीतीच्या कंबरेत वाजला. तिथून ती चढू लागली, हळू, प्रत्येक सुराला तिच्या पाठीत एक वेगळी जागा होती, आणि सुनीतीला ते पाय भाजणाऱ्या रस्त्याने कुणाला चालताना बघावं तसं झालं. पंचमावर जरा खरखर. मग नी. सुनीतीचं सगळं अंग पुढच्या क्षणासाठी थांबलं. मागची पाठ थांबली नाही. सा आला. तो लख्ख झाला नाही, काळजात काही चमकलं नाही. तो थोडा उतरलेला होता, किंचित खरबरीत, आणि इतका उघडा की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. त्यात खाँसाहेब कुठेच नव्हते. सुनीतीने शोधून पाहिलं, तीही नव्हती. दहा वर्षं बघून आणि अठरा वर्षं शिकवून जे जे सूर तिला ओळखू यायचे त्यांतला हा एकही नव्हता. आणि हा सूर त्या मुलीला दुखत नव्हता, एवढं तिला पाठीला पाठ लावून कळत होतं. चार दिवसांनी पाहुण्यांसमोर याला कुणी वाहवा म्हणेल का, हे सांगता येत नव्हतं. इंदू किती वेळ त्या सुरावर होती कोण जाणे. श्वास आपणहून संपला तेव्हा ती थांबली, आणि मान न वळवता तिने विचारलं,

"बाई, बरोबर होतं?"

या प्रश्नाचं उत्तर सुनीतीने अठरा वर्षांत कधी क्षणभरही अडवलं नव्हतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "परत म्हण."